पाटीच्या तळाचे साल

रिचमंडहून फार्मव्हिलला जायचे तर आधी ३६० आणि पुढे ४६० क्रमांकाचा हमरस्ता धरावा लागतो. दोन्ही बाजूंना पाईनची राने, मधूनच गवताची कुरणे, एखादे पांढरे चर्च आणि तंबाखू सुकवण्यासाठी बांधलेल्या, आता मोडकळीला आलेल्या लाकडी कोठ्या, असा हा विरळ वस्तीचा मुलूख आहे. या रस्त्याने जाताना अधूनमधून खांबावर उभी केलेली एक रुपेरी पाटी दिसते. व्हर्जिनियात राहायला आल्यापासून मी या रस्त्याने अनेकदा गेले आहे, आणि गाडी बाजूला घेऊन, उतरून, या पाट्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय मला याच रस्त्याने लावली.

पाटी जवळून पाहण्यासारखी असते. ओतीव धातूचा जाड पत्रा, त्यावर उठावाची काळी अक्षरे, आणि कोणत्याही दिशेने येणाऱ्याला वाचता यावा म्हणून बहुधा दोन्ही अंगांना तोच मजकूर. माथ्यावर राज्याची मुद्रा असते. पाडलेल्या जुलमी राजाच्या अंगावर पाय रोवून उभी असलेली भालाधारी स्त्री त्या मुद्रेवर आहे. मुद्रेखाली ठळक शीर्षक, एक अक्षर आणि आकडा मिळून झालेला क्रमांक, मग मजकूर, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत पाटी लावणाऱ्या खात्याचे नाव आणि साल. राज्याने हा उपक्रम १९२७ साली सुरू केला. मोटारी तेव्हा नुकत्याच सामान्य घरांत येऊ लागल्या होत्या, आणि बाहेरच्या प्रवाशांनी व्हर्जिनियात थांबावे, हिंडावे, असा त्यामागचा व्यवहारी हेतू होता. पहिल्या पाट्या रिचमंड आणि फ्रेडरिक्सबर्ग यांच्यामधल्या १ क्रमांकाच्या रस्त्यावर लागल्या. आज राज्यभरात अडीच हजारांहून अधिक पाट्या आहेत.

पाटीपुढे उभी राहिले की मी आता सर्वांत आधी तळाचे साल पाहते. वरचा मजकूर घटना कधी घडली ते सांगतो, आणि तळाचे साल ती घटना चारचौघांत, उघड्यावर सांगायला राज्य आणि इथली माणसे कधी तयार झाली ते सांगते. या दोन सालांमधल्या काळात जे घडलेले असते ते पाटीवर लिहिलेले नसते, पण मला तेच वाचायचे असते. प्रिन्स एडवर्ड काउंटीत, म्हणजे फार्मव्हिलच्या परिसरात, हे अंतर जितके बोलके आहे तितके मी अजून दुसऱ्या कुठल्या काउंटीत पाहिलेले नाही.

ही काउंटी १७५४ साली अमेलिया काउंटीतून वेगळी काढण्यात आली आणि तिला तिसऱ्या जॉर्ज राजाच्या धाकट्या भावाचे नाव देण्यात आले. १८७२ पर्यंत कचेरी वर्शमला होती, नंतर ती फार्मव्हिलला आली. हॅम्पडन-सिडनी हे मुलांचे कॉलेज १७७५ पासून इथे चालू आहे आणि त्याच्या पहिल्या विश्वस्तांत पॅट्रिक हेन्री आणि जेम्स मॅडिसन होते. जुनी चर्चे, जुन्या कचेऱ्या आणि मोठ्या घराण्यांचे वाडे हे जुन्या वळणाच्या पाट्यांचे ठरलेले विषय, आणि ते इथे भरपूर आहेत.

मात्र या बाजूच्या इतिहासाच्या खुणांचा जीव १८६५ च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यात अडकलेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस रिचमंड आणि पीटर्सबर्ग हातची गेल्यावर दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची उपाशी, थकलेली फौज याच टापूतून पश्चिमेकडे निघाली होती. ६ एप्रिलला सेलर्स क्रीकच्या ओढ्याकाठी तिचा मोठा भाग कापला गेला. सुमारे ७,७०० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा, बहुतेक जण, कैद झाले. कैद झालेल्यांत जनरल यूएल होते आणि ली यांचा थोरला मुलगा कस्टिसही होता. त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अॅपोमॅटॉक्स नदीवरच्या हाय ब्रिज या उंच रेल्वे पुलासाठी झटापटी झाल्या. ७ एप्रिलच्या संध्याकाळी उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी फार्मव्हिलमध्ये बसून शरणागतीची सूचना करणारे पहिले पत्र ली यांना धाडले, आणि ९ तारखेला अॅपोमॅटॉक्सला युद्धाचा निकाल लागला. या वाटेवर राज्याच्या पाट्या आहेत आणि त्यांच्या जोडीला लाल बिगुलाची खूण असलेले यादवी युद्धाच्या सहलमार्गाचे फलकही आहेत. कोणती तुकडी कोणत्या वाटेने गेली, कोणता पूल कोणी पेटवला, हे सगळे ठरावीक अंतरावर थांबत थांबत वाचता येते.

या खुणा मला नकोशा नाहीत. त्यांच्यामुळे जमिनीचे चढउतार कळतात, ओढ्याकाठी उभे राहिले की फौज इथेच का अडकली ते समजते. पण त्यावेळी या काउंटीत निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. ज्या शेतांतून ली यांच्या फौजेचे गाडे चिखल तुडवत गेले ती शेते हीच माणसे कसत होती, आणि जो आठवडा फलकांवर एका फौजेची माघार म्हणून नोंदलेला आहे त्याच आठवड्यात या हजारो माणसांच्या दाराशी स्वातंत्र्य आले होते. घटना एकच, दिवस तेच, रस्ताही तोच. पण रस्त्यावर काय कोरायचे हे ठरवणाऱ्या दालनात त्यांच्या नातवंडांना कित्येक वर्षे जागा नव्हती, आणि म्हणून रस्त्याकडेला त्यांचे नाव यायला फार वेळ लागला.

इस्राएल हिलची हकिगत त्यांपैकीच एक. रिचर्ड रँडॉल्फ हा इथला तरुण जमीनदार १७९६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात गुलामगिरीचा धिक्कार केला, आपल्या ताब्यातील माणसांना मुक्त करावे असे लिहिले, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांना कसायला जमीनही द्यावी असे बजावले. इस्टेटीवर कर्ज होते आणि विधवा ज्युडिथच्या हाती कारभार होता, त्यामुळे ते प्रत्यक्षात यायला १८१० उजाडले. सुमारे ९० माणसांना स्वातंत्र्य आणि ३५० एकर जमीन मिळाली. त्यांनी त्या टेकडीला बायबलातल्या वचनाच्या भूमीवरून इस्राएल हिल असे नाव दिले. भोवती गुलामगिरी जोरात असताना ही माणसे तिथे आपली शेती करत होती, घरे बांधत होती, आणि काही जण अॅपोमॅटॉक्स नदीतून चपट्या तळाच्या लांबट नावा हाकत तंबाखू पीटर्सबर्गच्या बाजारात पोचवत होते. स्वतंत्र काळी माणसे आळशीच निघतात, हे पटवण्यासाठी गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनी याच वस्तीचे खोटे दाखले छापले होते. पाटीवर त्या खोट्या दाखल्यांचा उल्लेख करायला जागा पुरणार नाही हे मला कळते. तरीही एवढ्या लहानशा टेकडीची बदनामी करण्याची गरज त्या मोठ्या व्यवस्थेला का भासली असेल, याचा विचार तिथे उभे राहिल्यावर मनातून जात नाही.

१८९७ च्या उन्हाळ्यात तेव्हा तिशीतही नसलेले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस फार्मव्हिलमध्ये येऊन राहिले. घरोघरी जाऊन त्यांनी माणसे मोजली. कोण काय कमावतो, कोणाचे घर स्वतःचे आहे, कोण वाचू शकतो, कोण काम शोधत शहरांकडे गेला, याच्या नोंदी केल्या. इस्राएल हिलची माणसेही त्या पाहणीत आहेत. हा अभ्यास १८९८ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण याच ड्यू बॉइस यांना १९४६ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांची व इथल्या अस्पृश्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे हेही लिहिले होते. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवले. एका तंबाखूच्या गावातल्या गल्ल्यांतून वही घेऊन हिंडलेला माणूस अर्ध्या शतकानंतर मुंबईच्या पत्राला उत्तर देतो, हा धागा हाती लागल्यापासून फार्मव्हिल मला परके वाटलेले नाही.

त्या पत्रव्यवहाराला पाच वर्षेही झाली नव्हती तेव्हा, २३ एप्रिल १९५१ रोजी, फार्मव्हिलच्या रॉबर्ट रुसा मोटन या कृष्णवर्णीय मुलांच्या हायस्कूलमध्ये जे घडले त्यामुळे या काउंटीचे नाव देशाच्या इतिहासात गेले. साउथ मेन स्ट्रीट आणि आता पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या नावाने ओळखला जाणारा रस्ता जिथे मिळतात तिथे ही विटांची बैठी इमारत आजही उभी आहे आणि तिच्या आवारात राज्याची पाटी आहे. शाळा १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधलेली होती. बारा वर्षांत मुले साडेचारशेवर गेली. जागा पुरेना म्हणून काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली. थंडीत शेगडीजवळ बसलेले मूल घामाघूम होई आणि दाराजवळचे मूल कोट घालून बसे. छत गळे, आणि शिकवता शिकवता शिक्षकांनाच शेगडीत जळण घालावे लागे. खुद्द इमारतीत व्यायामशाळा नव्हती, जेवणघर नव्हते, विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. सभागृहातच एकाच वेळी निरनिराळे वर्ग भरत. त्याच गावात गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये यांतले काहीच कमी नव्हते.

बार्बरा जॉन्स तेव्हा सोळा वर्षांची होती. घरी धाकटी भावंडे, शेतावरची कामे, आणि व्हर्नन जॉन्स यांच्यासारखे काका. व्हर्नन जॉन्स हे याच काउंटीत जन्मलेले तडफदार पाद्री, आणि अलाबामातल्या माँटगोमेरीच्या ज्या चर्चमध्ये पुढे मार्टिन ल्यूथर किंग आले त्या चर्चचे त्यांच्या आधीचे पाद्री. बार्बराने काही सोबत्यांना विश्वासात घेतले आणि कित्येक महिने ही मसलत कोणत्याही मोठ्या माणसाच्या कानी पडू दिली नाही. ठरल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन गेला, की शाळेची मुले बस स्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते बाहेर पडताच वर्गावर्गांत सभेची चिठ्ठी फिरली. सभागृहाचा पडदा सरकला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितले आणि मुलांना नव्या इमारतीसाठी संप करायला सांगितले. साडेचारशे मुले शाळेबाहेर पडली आणि दोन आठवडे परतली नाहीत.

ते सभागृह आता संग्रहालयाचा भाग आहे. मी तिथे गेले तेव्हा व्यासपीठाच्या उंचीकडे पाहतच राहिले, कारण ते फारच बुटके आहे. समोरच्या बाकांवरच्या मुलांशी जवळजवळ एका पातळीवर उभे राहून बोलावे लागेल असे ते आहे. तिथून तिने काय सांगितले असेल त्यापेक्षा, ते ऐकून त्या लहान मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना काय सांगितले असेल, हा प्रश्न मला अधिक छळतो. गोऱ्यांच्या शेतांवर काम करणाऱ्या, गोऱ्यांच्या बँकांकडून कर्ज घेतलेल्या या आईवडिलांना त्या संपाची किंमत पुरती माहीत होती.

मुलांनी रिचमंडच्या ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन या वकिलांना पत्र लिहिले. वकिलांनी अट घातली. नुसती चांगली इमारत मागायची असेल तर आम्ही येणार नाही, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर येऊ. ग्रिफिन यांच्या चर्चमधल्या सभांत पालकांनी ती अट मान्य केली. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला, आणि पुढे तो टोपेकाच्या ब्राउन खटल्यात सामील झालेल्या पाच दाव्यांपैकी एक ठरला. त्या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला दावा हा एकच. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरवला. बार्बराला मात्र जिवाच्या भीतीने माँटगोमेरीला, काकांकडे, पाठवावे लागले होते. पुढे ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि १९९१ मध्ये वारली.

निकालानंतर काय झाले हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. न्यायालयाने मिश्र शाळांचा हुकूम दिला तेव्हा, १९५९ मध्ये, काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठीचा कर वसूल करायलाच नकार दिला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलपे ठोकली. गोऱ्या मुलांसाठी लगोलग खासगी अकादमी उभी राहिली आणि काही काळ तिला सरकारी पैशांचा आधारही मिळाला. सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुलांना पाच वर्षे शाळा नव्हती. काहींना आईवडिलांनी दूरच्या नातलगांकडे धाडले, काहींना क्वेकरांच्या संस्थेने इतर राज्यांतल्या घरांत ठेवले, काही चर्चच्या तळघरांतल्या वर्गांना बसली आणि कित्येक तंबाखूच्या शेतात गेली ती पुन्हा वर्गात आलीच नाहीत. १९६३ मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा सुरू झाल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन यांच्या नावाच्या खटल्यात काउंटीला बजावले, की आता आणखी चालढकल चालणार नाही. त्या वर्षी सरकारी शाळा उघडल्या.

युद्धाच्या मैदानावर पाटी लावणे सोपे असते, कारण तिथे एक जागा असते आणि एक दिवस असतो. न झालेल्या शिक्षणाला जागा नसते. सहा वर्षांचे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत घरी बसले, ते कोणत्या वळणावर लिहायचे? फार्मव्हिलच्या कोर्टाच्या आवारात त्याला एक उत्तर दिले गेले आहे. २००८ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ठराव करून त्या बंद दारांबद्दल जाहीर दुःख व्यक्त केले, कोर्टाच्या मनोऱ्यात कायमचा दिवा लावला आणि हिरवळीवर त्याचा फलक बसवला. शाळा १९५९ मध्ये बंद झाल्या, फलक २००८ मध्ये लागला. मधल्या ४९ वर्षांत त्या मुलांपैकी अनेक जण आजी-आजोबा झाले होते आणि काही हयातही नव्हते. ज्या मंडळाने कर नाकारला त्याच मंडळाच्या वारसांनी हे लिहिले, म्हणून मला तो फलक काउंटीतल्या सर्व खुणांमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो. आणि इतका उशीर झाला, म्हणून त्यापुढे उभे राहून समाधान मानणे मला जमत नाही.

काउंटीच्या याच परिसरात ट्विन लेक्स नावाचे राज्य उद्यान आहे. दोन तळी, शेजारी शेजारी. गुडविन तलाव गोऱ्यांसाठी होता. स्टॉन्टन रिव्हर उद्यानात प्रवेश नाकारलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाने १९४८ मध्ये दावा लावल्यावर राज्याने ते उद्यान सर्वांना खुले करण्याऐवजी दुसऱ्या तळ्याकाठी १९५० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे उद्यान केले. १९७६ मध्ये दोन्ही एक झाली. पाण्यावरून माणसांना वेगळे करण्याचे शहाणपण आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावे लागू नये. आज उन्हाळ्यात तिथे सगळ्या रंगांची मुले एकाच पाण्यात डुंबत असतात, आणि त्यांच्या आयांशी बोलताना मला जाणवते की हे तळे कधी कोणाचे होते ते त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊक नाही.

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. व्हर्जिनियाच्या वतीने १९०९ पासून तिथे वॉशिंग्टन आणि रॉबर्ट ली होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये लींचा पुतळा हलवण्यात आला आणि त्याच महिन्यात राज्याच्या समितीने त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड केली. ली यांच्या फौजेचा कणा जिथे मोडला तो ओढा आणि बार्बराचे व्यासपीठ यांच्यात मोटारीने अर्ध्या तासाहूनही कमी अंतर आहे. एकाच काउंटीच्या रस्त्यांवर ही दोन्ही नावे वाचता येतात, आणि तळाची साले पाहिली की एका नावाला किती सहज जागा मिळाली आणि दुसऱ्याला किती वाट पाहावी लागली तेही वाचता येते.

नवी पाटी कशी लागते हे मी मुद्दाम समजून घेतले. कोणीही नागरिक किंवा संस्था राज्याच्या ऐतिहासिक वारसा खात्याकडे अर्ज करू शकते. मजकूर सुमारे १०० शब्दांत बसवावा लागतो, प्रत्येक विधानाला पुरावा जोडावा लागतो, इतिहासकार तो तपासतात, मंडळ मंजुरी देते, आणि पाटी ओतण्याचा खर्च अर्जदारानेच करायचा असतो. शेवटच्या अटीत मला अन्याय दिसतो. ज्यांच्या घराण्यात पैसा आणि कागदपत्रे दोन्ही टिकली त्यांची आठवण रस्त्यावर येणे सोपे होते, आणि ज्यांच्या आजोबांना शाळाच मिळाली नाही त्यांच्याकडे पुराव्याचा कागद कुठून यावा? २०२० मध्ये राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. आपल्या परिसरातल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या ज्या व्यक्तीला किंवा घटनेला पाटी हवी असे वाटते तिचे नाव मुलांनी वर्गातून शोधून सुचवायचे. त्यांनी सुचवलेल्या नावांपैकी काहींच्या पाट्या आता व्हर्जिनियाच्या रस्त्यांवर उभ्या आहेत.